डॉ. आनंदीबाई जोशी यांचे व्यावसायिक दप्तर : एक विचार

मराठी इतिहाससंशोधनाची घडण दप्तरांच्या वाचनातून झाली. पेशवे दप्तर, संस्थानिकांची दप्तरे, सरदार घराण्यांची रुमाले यांवर नजर फिरवूनच आपल्या अभ्यासकांनी अस्सल कागद कोणता, दुय्यम साधन कोणते आणि ऐकीव आख्यायिका कोणती, हा विवेक शिकून घेतला. राजकीय इतिहासात हा विवेक आपण काटेकोरपणे पाळतो. एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांच्या चरित्रांकडे वळताच मात्र तो आपल्याकडून सैल सुटतो, असे वाटते. स्त्रीचे पत्र हाती आले की ते आपण तिच्या मनाचा उद्गार म्हणून वाचतो. तेच पत्र एखाद्या कारभाऱ्याचे असते, तर ते कोणास लिहिले, कोणत्या हेतूने लिहिले, त्यात काय मागितले आणि काय गाळले, हे प्रश्न आपण प्रथम विचारले असते. कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या कागदपत्रांस हेच प्रश्न विचारून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चरित्राचा तपशील वाचकांस परिचित असल्याने तो थोडक्यात देतो. कल्याण येथील, उत्पन्न ओसरत चाललेल्या एका जमीनदार जोशी घराण्यातील ही मुलगी. जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, तिचा विवाह कल्याणच्या पोस्टात कारकून असलेल्या, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या आणि बिजवर अशा गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवसांत दगावला. पतीच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता व श्रीरामपूर अशी भ्रमंती घडली. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस प्रयाण. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षे अध्ययन. ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. पदवी, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईस आगमन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे क्षयाने मृत्यू. वय बावीस वर्षांसही पुरे पडले नव्हते. कोल्हापूर संस्थानाने देऊ केलेल्या जागेवर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत.

तेव्हा येथे एक विचित्र स्थिती आहे. व्यावसायिक दप्तर म्हटले की डोळ्यांपुढे रुग्णांच्या नोंदवह्या, औषधयोजनेचे कागद, रुग्णालयाचे अहवाल, सरकारशी झालेला पत्रव्यवहार येतो. आनंदीबाईंच्या बाबतीत यांपैकी पहिल्या दोन गोष्टी असणेच शक्य नव्हते, कारण स्वदेशी त्यांनी डॉक्टर म्हणून एक दिवसही काम केले नाही. जे आहे ते व्यवसायाच्या उंबरठ्यापर्यंतचे आहे : श्रीरामपूर येथील १८८३ चे जाहीर भाषण, महाविद्यालयास लिहिलेले प्रवेशासाठीचे पत्र, पदवीसाठीचा प्रबंध आणि कोल्हापूरच्या नेमणुकीचा व्यवहार. यांच्या जोडीला अमेरिकेतील श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांस लिहिलेली इंग्रजी पत्रे आणि पतीस लिहिलेली मराठी पत्रे आहेत. त्यांचा उपयोग चरित्रकारांनी पुष्कळ केला आहे. पहिल्या चार गोष्टींकडे मात्र सनावळीतील टप्पे म्हणूनच पाहिले गेले. त्यांत एक सलग युक्तिवाद आहे, आणि तो घराविषयी नसून सार्वजनिक व्यवस्थेविषयी आहे, हे माझे प्रतिपाद्य आहे.

हे कागद टिकले कसे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. प्रवेशासाठीचे पत्र आणि प्रबंध आज फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभिलेखागारात आहेत. १८५० मध्ये स्थापन झालेल्या त्या स्त्री-महाविद्यालयाचा वारसा अनेक विलीनीकरणांनंतर या विद्यापीठाकडे आला आणि त्याबरोबर जुने दप्तरही आले. विद्यार्थिनीचा अर्ज जपून ठेवणे हे तेथे नित्याचे कार्यालयीन काम होते. आनंदीबाई थोर होत्या म्हणून ते कोणी जपलेले नाही. श्रीरामपूरचे भाषण आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः कॅरोलाइन हीली डॉल यांच्या १८८८ मधील बोस्टन येथे प्रसिद्ध झालेल्या चरित्रामुळे. म्हणजे कल्याणच्या या स्त्रीचा व्यावसायिक कागद अमेरिकेत राहिला आणि महाराष्ट्रात तिची कहाणी तेवढी राहिली. या वाटणीचा परिणाम आपल्या वाचनावर झाल्यावाचून राहिलेला नाही.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. वय त्या वेळी अठरा वर्षांसही थोडे कमी होते. लोक आपणांस जे प्रश्न विचारतात त्यांची एकामागून एक उत्तरे देणे, अशी त्या भाषणाची रचना आहे : अमेरिकेस का जाता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय, संकट आले तर काय कराल, आणि आजवर कोणा स्त्रीने जे केले नाही ते तुम्हीच का करावे. ही शास्त्रार्थाची पूर्वपक्ष-उत्तरपक्ष पद्धती आहे. इंग्रजी सभाभाषणाच्या वेषात ती सहज ओळखू येते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की या देशात हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज वाढत आहे, आणि ती पात्रता अंगी आणण्यास मी स्वतः पुढे होत आहे. या वाक्याची घडण पाहावी. प्रथम गरज, मग स्वतःचे नाव. वैद्यकाची आवड, ज्ञानाची तहान, कोणा साधूचा आशीर्वाद, यांपैकी कशाचाही आधार नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर आणखी नेमके आहे. स्त्रियांस प्रवेश देणारे महाविद्यालय मद्रासेस आहे, इतर इलाख्यांत सुईणपणाचे वर्ग आहेत. पण ते शिक्षण सदोष व अपुरे आहे, कारण शिकविणारे जुन्या वळणाचे व काही अंशी मत्सरी आहेत. यावर त्या म्हणतात की मी त्यांना दोष देत नाही, हा पुरुषजातीचा स्वभावच आहे, आणि त्या पुरुषांच्या हातचे काम उचलणाऱ्या सुशिक्षित स्त्रियांचा वर्ग तयार होईपर्यंत ही गैरसोय सोसलीच पाहिजे. या विधानातील उपरोध त्या सभेतील सर्वांच्याच लक्षात आला असेल असे नाही. उपरोध बाजूस ठेवला तरी मागणी स्पष्ट आहे. प्रश्न एका विद्यार्थिनीच्या प्रवेशाचा नाही, शिकविणाऱ्यांचा नवा वर्ग निर्माण करण्याचा आहे. स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय काढावे हा त्यांचा पुढील मनसुबा येथे बीजरूपाने आहे.

याच उत्तरात अडचणीचे दुसरे कारणही त्या सांगतात. मी ख्रिस्ती नाही आणि ब्राह्मोही नाही. हिंदू राहून, हिंदू वेषात शाळेस जाणे या देशात फार कठीण आहे. ख्रिस्ती झालेल्या, इंग्रजी पोशाख केलेल्या स्त्रीकडे कोणी टक लावून पाहत नाही. पुस्तके हातात घेऊन रस्त्याने जाताना मुंबईत लोकांनी केलेली थट्टा त्यांनी सांगितली आहे. वैयक्तिक अनुभव भाषणात येतो तो एवढाच, आणि तोही पुरावा म्हणून : रस्त्यावरील वागणूक ही शिक्षणाच्या सोयीतील उणीव आहे, असे त्यांना दाखवावयाचे आहे. आजच्या धोरणविषयक चर्चेत मुलींच्या शाळागळतीची कारणे शोधताना घर ते शाळा हे अंतर मोजले जाते. ते अंतर १८८३ मध्ये या मुलीने मोजले होते.

आता या भाषणात जे नाही त्याकडे वळू. दहा दिवसांत दगावलेल्या मुलाचा उल्लेख त्यात नाही. महाविद्यालयास लिहिलेल्या पत्रातही तो नाही. मराठी वाचकास हे आश्चर्याचे वाटेल, कारण आनंदीबाई डॉक्टर होण्यास निघाल्या त्या मूल गेल्याच्या दुःखातून, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ मधील कादंबरीने, पुढे नाटकाने आणि २०१९ मधील चित्रपटाने ते घराघरात नेले. हे समीकरण खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. चौदा वर्षांच्या आईस ते दुःख झाले नसेल, किंवा वैद्यकाच्या निश्चयाशी त्याचा संबंध नसेल, असे कोण म्हणेल? प्रश्न वेगळा आहे. सभेतील श्रोत्यांची सहानुभूती मिळविण्याचे याहून प्रभावी साधन त्यांच्यापाशी नव्हते. अमेरिकन महाविद्यालयाच्या चालकांवर तर त्याचा परिणाम खात्रीने झाला असता. हिंदुस्थानातील बालमातेची करुण कहाणी ऐकण्यास तो समाज उत्सुकच होता. असे असता त्यांनी ते साधन वापरले नाही. संकोच हे एक स्पष्टीकरण होईल. मला दुसरे अधिक संभाव्य वाटते. स्वतःच्या दुःखावर उभी केलेली मागणी ही कृपेची याचना ठरते. देशाच्या गरजेवर उभी केलेली मागणी उत्तर मागते. आनंदीबाईंनी दुसरा मार्ग निवडला, आणि आपण त्यांचे चरित्र लिहिताना त्यांना पुनः पहिल्या मार्गावर आणून सोडले.

प्रवेशासाठीचे पत्र २८ जून १८८३ चे आहे. ते महाविद्यालयाच्या कार्यकारी मंडळाचे चिटणीस आल्फ्रेड जोन्स यांस उद्देशून आहे. प्रवेशाच्या सर्व अटी मी पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे, आणि स्वकीयांच्या व जातीच्या एकवटलेल्या विरोधास न जुमानता मला या देशात घेऊन आलेला निश्चय हीच माझी मोठी पात्रता समजावी, अशी विनंती केली आहे. येण्याचे प्रयोजन त्या सांगतात ते पुन्हा तेच : ज्या खऱ्या वैद्यकीय मदतीची माझ्या देशभगिनींना अत्यंत गरज आहे, आणि जी पुरुष डॉक्टरकडून घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील, ती त्यांना देणे. पत्राचा परिणाम झाला. प्राचार्या रेचेल बॉडली यांच्या पुढाकाराने प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली.

‘पुरुष डॉक्टरापेक्षा मरण पत्करतील’ हा मुद्दा आनंदीबाईंचा एकटीचा नव्हे. त्या काळच्या धोरणाचा तो पायाच होता. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे पुणे येथे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-डॉक्टरांची निकड मांडली होती. मुंबईत जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी याच सुमारास स्त्री-डॉक्टर आणण्यासाठी निधी उभारला, त्यातून डॉ. एडिथ पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या. त्याच वर्षी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे दार स्त्रियांस उघडले, आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून बांधलेले स्त्रियांचे रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांचा निधी स्थापन झाला व प्रश्न अखिल हिंदुस्थानचा बनला. हा सर्व घटनाक्रम आनंदीबाईंच्या परदेशगमनाच्या आणि अध्ययनाच्या चार वर्षांत घडला आहे. त्यांच्या कागदांना या मालिकेत बसविले म्हणजे त्या एकाकी साहसिनी न राहता एका चाललेल्या वादातील पक्षकार ठरतात.

मालिकेत बसविल्यावर त्यांच्या युक्तिवादाची मर्यादाही दिसते. पुरुष डॉक्टर नको म्हणून मरण पत्करणारी स्त्री कोणती? उत्तरेतील व बंगालमधील पडद्यातील स्त्रीचे चित्र या विधानामागे आहे. डफरिन निधीच्या प्रचारातही जनान्यातील स्त्री हेच उदाहरण पुढे केले जाई. कल्याण तालुक्यातील आगरी, कोळी, कुणबी स्त्री शेतात, खाडीवर, बाजारात उघड्या तोंडाने वावरत होती. तिला डॉक्टरच भेटत नव्हता, मग तो पुरुष की स्त्री हा प्रश्न पुढचा. तिचे बाळंतपण सुईण करीत असे. मे १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आगगाडी आली आणि मुंबई काही तासांवर आली, तरी मुंबईचे रुग्णालय या स्त्रीच्या आवाक्यात त्यामुळे आले असे नाही. ब्राह्मण घरांतूनही येथे उत्तरेसारखा पडदा नव्हता. संकोच होता, सोवळे होते, आणि बाळंतिणीच्या खोलीची अंधारी कोंडी होती. आनंदीबाईंनी कल्याणचा अनुभव बंगालच्या भाषेत मांडला, असे मला वाटते. त्यांचे श्रोते बंगालमधील व अमेरिकेतील होते, हे त्याचे कारण असावे. धोरणाची भाषा ज्यांच्यापुढे मागणी करावयाची त्यांच्या कानाला जुळवून घ्यावी लागते, आणि त्या जुळवून घेण्यात काही स्त्रिया चित्राबाहेर राहतात. सुईणीचा विचार पुढे जेव्हा धोरणात आला तेव्हा तो बहुधा ‘अडाणी दाई’ या दोषारोपाच्या रूपानेच आला, हे ध्यानात ठेवावे.

प्रबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ असा आहे. तो सुमारे पन्नास पृष्ठांचा असून आयुर्वेदीय ग्रंथ व अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोहोंचा आधार घेऊन लिहिलेला आहे. या विषयनिवडीने अनेक अभ्यासकांना बुचकळ्यात टाकले आहे. आधुनिक वैद्यक शिकण्यासाठी समुद्र ओलांडून गेलेली विद्यार्थिनी पदवीसाठी सुश्रुताकडे का वळली? देशाभिमान हे उत्तर सहज सुचते, आणि ते अंशतः खरेही आहे. शीर्षकातील ‘आर्य’ हा शब्दच त्या काळच्या भाषाशास्त्राची व त्यातून आलेल्या अभिमानाची खूण आहे. एका परक्या महाविद्यालयात, आपला देश अज्ञानाचे आगर आहे असे सतत ऐकावे लागत असता, आमच्याकडेही शास्त्र होते हे दाखविण्याची ओढ कोणासही वाटेल.

पण दुसराही विचार करण्याजोगा आहे. संस्कृत वैद्यकात प्रसूतीचे प्रकरण दुर्बल नाही. सुश्रुताच्या शारीरस्थानातील गर्भिणीविषयक अध्याय आणि चरकाचा जातिसूत्रीय अध्याय यांत गर्भिणीचा महिन्यामहिन्याचा आहार, सूतिकागाराची रचना, प्रसूतीच्या वेळी जवळ असावयाच्या स्त्रिया, नवजात बालकाची शुश्रूषा यांचा तपशील आहे. सुश्रुताने मूढगर्भाचे निदान व चिकित्सा यांसाठी स्वतंत्र अध्याय दिले आहेत. आडव्या पडलेल्या गर्भाचे प्रकार, तो हाताने वळविणे आणि मृत गर्भ शस्त्राने काढणे यांचे विवेचन तेथे येते. पुरुष वैद्याने शस्त्रकर्म करावे, प्रसूतीजवळ अनुभवी स्त्रिया असाव्यात, अशी ती कामाची विभागणी आहे. ज्या स्त्रीला परत जाऊन सनातनी घरांत प्रवेश मिळवावयाचा होता, तिच्या हाती हे ज्ञान असणे ही व्यवहारात उपयोगी पडणारी शिदोरी होती. सूतिकागार स्वच्छ व हवेशीर असावे हे लिस्टरच्या नावाने सांगण्यापेक्षा ग्रंथाच्या आधारे सांगितले, तर कल्याणच्या किंवा कोल्हापूरच्या घरातील आजी ते ऐकून घेईल. माझे हे स्पष्टीकरण अनुमानाचे आहे. परंतु हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, या श्रीरामपूरच्या प्रतिज्ञेशी ते जुळते. त्या प्रतिज्ञेकडे धर्मनिष्ठेचा उद्गार म्हणून पाहिले जाते. मला तीत व्यवसायाची अटही दिसते. धर्मांतर केलेल्या डॉक्टरणीस ज्या दारात उभे करणार नाहीत, त्या दारातून आत जाण्याचा तो परवाना होता.

हा परवाना टिकवून धरण्याची किंमतही त्यांनी दिली. अमेरिकेतील एका सार्वजनिक व्याख्यानात त्यांनी बालविवाहाच्या रूढीचे समर्थन केले, तेव्हा त्यांच्या हितचिंतक स्त्रियांना धक्का बसला. चरित्रकार या प्रसंगाशी अडखळतात. कोणी तो परकीयांपुढे स्वदेशाची लाज राखण्याचा प्रयत्न मानतात, कोणी अंतर्विरोध म्हणतात. मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या स्त्रीवादाची प्रतिमा खंडित आहे असे म्हटले, त्यामागे असलेच प्रसंग आहेत. माझ्या मते तो दोष झाकण्याचे कारण नाही. सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नावर ज्यांची दृष्टी इतकी स्वच्छ होती, त्यांना त्या प्रश्नाचे मूळ विवाहाच्या वयात आहे हे परदेशातील सभेत मान्य करता आले नाही.

येथे रखमाबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांचा जन्म नोव्हेंबर १८६४ चा, म्हणजे आनंदीबाईंहून त्या अवघ्या चार महिन्यांनी मोठ्या. १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे लिहिली. बालपणी लावून दिलेल्या विवाहानुसार पतीकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले, आणि ४ मार्च १८८७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी त्यांना नांदावयास जा, नाही तर तुरुंगात जा, असा निर्णय दिला. आनंदीबाईंचा मृत्यू होऊन त्या दिवशी आठवडाही लोटला नव्हता. पुढे दावा तडजोडीने मिटला, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. त्यांच्या दाव्याने पेटलेल्या वादातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आकारास आला. एकीने विवाहाच्या कायद्याकडून वैद्यकाकडे वाट काढली, दुसरीने वैद्यकाची वाट मोकळी राहावी म्हणून विवाहाच्या प्रश्नाला बगल दिली. कोणती अधिक धीट, हा निवाडा करण्यात अर्थ नाही. रखमाबाईंना उपलब्ध नव्हते ते पतीचे पाठबळ आनंदीबाईंपाशी होते, आणि त्या पाठबळाचा जाचही.

चौथा कागद कोल्हापूरचा. १८८६ मध्ये संस्थानच्या दिवाणांकडून आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमणूक देऊ करण्यात आली, आणि ती त्यांनी स्वीकारली. ज्या कोल्हापुरातून १८७८ मध्ये गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांस पत्नीच्या शिक्षणाविषयी पत्र पाठविले होते, आणि ते अमेरिकेतील मिशनरी मासिकात छापून आल्यामुळेच श्रीमती कार्पेंटर यांची ओळख झाली, त्याच गावी परत येण्याची ही योजना होती. नोकरी देणारे ब्रिटिश सरकार नव्हते, मिशन नव्हते, डफरिन निधीही नव्हता. एक मराठी संस्थान होते. छत्रपती शाहू महाराज त्या वेळी अल्पवयीन होते व कारभार त्यांच्या वतीने चालला होता. हिंदू राहणाऱ्या स्त्री-डॉक्टरला हिंदू संस्थानात जागा मिळाली, यात श्रीरामपूरच्या भाषणातील आशा फळास आलेली दिसते. स्त्रियांचा स्वतंत्र विभाग आणि त्यावर स्त्री प्रमुख, ही रचना पुढे सर्वत्र रूढ झाली. तिचा दुहेरी परिणाम अभ्यासकांनी दाखविला आहे : स्त्री-डॉक्टरांना काम मिळाले, आणि त्यांचे काम प्रसूतिविभागाच्या भिंतींत बंदिस्तही झाले. कोल्हापुरात आनंदीबाईंची जागा रिकामी राहिली, तरी त्या शहरात पुढच्या पिढीत डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी दीर्घकाळ काम केले. आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते.

‘पहिली भारतीय स्त्री-डॉक्टर कोण’ या वादात मला शिरावयाचे नाही. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली १८८६ मध्येच वैद्यकीय परीक्षा पूर्ण करून पुढे प्रत्यक्ष व्यवसायात उतरल्या, आणि तरीही मराठी मन आनंदीबाईंचे नाव सोडण्यास तयार नाही. पहिलेपणाचा मान हा स्पर्धेचा विषय झाला की कागद वाचण्याची गरज उरत नाही; तारीख पुरते. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून १८९२ मध्ये डॉक्टर होऊन मुंबईत काम करणाऱ्या गुरुबाई करमरकर यांच्याविषयी मराठीत किती लिहिले गेले, हे पाहिले म्हणजे पहिलेपणाच्या मोहाने दुसरी-तिसरीचे किती नुकसान होते ते कळते. प्राचार्या बॉडली यांना हा मोह नव्हता. रमाबाईंच्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी पुस्तकाला त्यांनी जी प्रस्तावना लिहिली, तीत आनंदीबाईंविषयीचा मजकूर आहे. तो आपल्या एका पदवीधर विद्यार्थिनीविषयी शिक्षिकेने लिहिलेला आहे.

मराठीत हा सूर उमटलाच नाही असे म्हणता येणार नाही. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात, आणि अलीकडे अंजली कीर्तने यांच्या ग्रंथात, आनंदीबाईंच्या स्वतंत्र कर्तृत्वाचा विचार आहे. तथापि लोकमानसात पक्के बसले ते कादंबरीचे नाव, आणि त्या नावात डॉक्टर नाही, पत्नी आहे. गोपाळरावांचा विक्षिपणा, त्यांची मारहाण, त्यांचा हट्ट यांनी वाचकाला इतके गुंतविले, की चरित्रनायिकेच्या हाती लेखणी होती याचा विसर पडला. कादंबरीकाराला तो अधिकार आहेच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कादंबरीकडून प्रश्न उसने घेऊ नयेत, एवढेच.

ठाणे जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे जिल्ह्यावरील तेरावा खंड १८८२ चा आहे, म्हणजे आनंदीबाईंच्या प्रयाणाच्या आदल्या वर्षीचा; कल्याणची वस्ती, व्यापार, शाळा आणि आरोग्याची स्थिती यांसाठी तो प्रथम पाहावा. सार्वजनिक आरोग्य व देवी टोचण्याच्या खात्यांचे वार्षिक अहवाल, शिक्षण खात्याच्या अहवालांतील मुलींच्या शाळांची कोष्टके, नगरपालिकांचे जुने ठराव, आणि घराघरांत पडून असलेली बाळंतपणाच्या खर्चाची टिपणे यांवरून त्या काळच्या कल्याणमधील बाळंतिणीची स्थिती काही अंशी उभी करता येईल. सुईणींचे नाव या कागदांत क्वचितच येते. बहुधा शेर-पायली धान्याच्या, लुगड्याच्या किंवा चोळीखणाच्या नोंदीतून त्यांच्याकडे जावे लागते. कोल्हापूर पुराभिलेखागारातील संस्थानी दप्तरात १८८६-८७ च्या सुमाराचे रुग्णालयाचे व नेमणुकीचे कागद बारकाईने तपासण्याचे काम मोडी वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे. त्या जागेसाठी संस्थानाने किती तरतूद केली, स्त्रियांच्या विभागात खाटा किती होत्या, आणि आनंदीबाईंच्या निधनानंतर ती तरतूद कोणत्या कामाकडे वळविली, हे प्रश्न फिलाडेल्फियाच्या दप्तरास विचारून उपयोगाचे नाही. त्यांची उत्तरे शोधावयाची जागा येथेच आहे.